आधी उद्घाटन

शिवकन्येने भाड्याने घेतलेला सर्व्हर मुंबईकडच्या कुठल्याशा इमारतीत, चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीत मजेत होता. आणि ती स्वतः अंबाजोगाईत, वडिलांच्या कापडदुकानाच्या माळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली बसून त्याची मनधरणी करत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार, सकाळचे दहा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकत होती. बासष्ट टक्क्यांवर आली आणि थांबली. कालपासूनची ही पाचवी खेप, आणि पाचही वेळा घोडं बासष्टवरच अडलं होतं.

ती बसवत होती कंट्रोल पॅनल. एका सर्व्हरवर दहा वेबसाइट आणि पन्नास ईमेल नांदवायचे असले की असं काहीतरी लागतं. ते एकदा बसलं की पुढचा कारभार माउसने बटणं दाबून होतो, काळ्या पडद्यावर हुकूम लिहीत बसावं लागत नाही. बद्रीनाथला नेमकं तेच हवं होतं. बद्रीनाथ म्हणजे विजयसिंहदादांच्या शिक्षणसंस्थेचा सचिव. सहा शाळा, एक कॉलेज आणि यंदापासून मुलींचं वसतिगृह, असा पसारा. वेबसाइटवर दादांचा फोटो बदलायचा म्हटला तरी शिवकन्येला फोन करावा लागतो, हे त्याला आवडत नव्हतं.

आता हे पॅनल कोऱ्या सर्व्हरवरच बसतं. तसं ते पहिल्याच ओळीत बजावतं : यंत्रावर आधीपासून काही बसवलेलं असेल तर पुढे जाऊ नका. शिवकन्येला हे माहीत नव्हतं असं नाही. चौतीस वर्षांची बाई, त्यातली अकरा वर्षं याच धंद्यात गेलेली. पण आपल्याकडे कामाचा एक क्रम ठरलेला आहे, आणि तो कुठल्याही यंत्रापेक्षा जुना आहे. आधी उद्घाटन, मग काम. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं तेव्हा टाकीत पाणी नसतं, रस्त्याचं होतं तेव्हा रस्ता नसतो. मग वेबसाइटनेच काय घोडं मारलंय?

दादांना गेल्या गुरुवारचा मुहूर्त होता. बद्रीनाथचा बुधवारी फोन आला, ‘‘ताई, उद्या पडद्यावर कायतरी दिसाय पायजे. दादा बटन दाबतेन, फुलं पडाय पायजेत, अन् वसतिगृहाचा अर्ज उघडाय पायजे.’’ तेव्हा पॅनल बाजूला ठेवून शिवकन्येने सर्व्हरवर हातानेच एक पान उभं केलं. वर दादांचा हात जोडलेला फोटो, त्यावर पडणारी झेंडूची फुलं, आणि खाली वसतिगृहाचा अर्ज. अर्ज भरला की तो आत साठायचा आणि पडद्यावर क्रमांक यायचा. गुरुवारी दादांनी बटण दाबलं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. दादांनी माईकवर सांगितलं, ‘‘चाळीस जागा हायत. आजपासून अर्ज सुरू. जो आधी भरंल त्याला आधी. चिठ्ठी न्हाई, वशिला न्हाई, सगळं कॉम्प्युटरवर.’’ पुन्हा टाळ्या झाल्या.

शिवकन्येने अशा बारा वेबसाइटी बनवल्या होत्या. बाराही थाटामाटात लोकार्पण झालेल्या, आणि लोकांनी त्यातली एकही उघडून पाहिलेली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी तिने आत डोकावलं तर तीन अर्ज होते. एक तिनेच चाचणीसाठी भरलेला, दुसऱ्यात बद्रीनाथने नावाच्या जागी ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलेलं, आणि तिसऱ्यात कोणीतरी नुसती अक्षरं बडवलेली. ती हसली आणि तिने ते पान मिटलं. त्यानंतर तिने आत पाहिलं नाही.

रविवारी तिने पॅनल बसवायला घेतलं. ‘आधीपासून वेबसर्व्हर आहे, डेटाबेस आहे, पुढे जाऊ नका,’ असं पॅनलने सांगितलं. तिने जबरदस्तीचा पर्याय दिला आणि पुढे गेली. तिथून जे नष्टचर्य सुरू झालं ते काही संपेना. जुना वेबसर्व्हर दार अडवून बसला होता, म्हणून तिने तो काढला. मग अर्ज साठवणारा जुना डेटाबेस आणि पॅनलचा नवा डेटाबेस यांची जुंपली. एकाला काढायला जावं तर दुसरा अर्धवट बसलेला, आणि शेवटी दोघांतला एकही सुरू होईना. मध्येच फोन वाजायचा. अनोळखी नंबर. तीन-चारदा वाजल्यावर तिने वैतागून आवाजच बंद करून टाकला.

‘‘ताई, पॅनल बसलं का?’’ हा मात्र बद्रीनाथचा फोन, तो घ्यावाच लागला. ‘‘दादा इचारायलेत.’’

‘‘बसायलंय, बद्रीभाऊ. जरा अडलंय.’’

‘‘उद्घाटन होऊन चार दिवस झाले, अन् साइट उघडना. लोक काय म्हणतेन?’’

‘‘कोणते लोक, भाऊ?’’ ती म्हणाली. बद्रीनाथही हसला.

शेवटी तिने हात टेकले आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. पलीकडे माणूस होता की यंत्र, कळायला मार्ग नव्हता. उत्तर मात्र सरळ आलं. या सर्व्हरची आता सरमिसळ झाली आहे. सगळं पुसून यंत्रणा नव्याने टाका, मग पॅनल बसवा.

तिलाही ते कालपासून दिसतच होतं. तिने ‘पुन्हा उभारणी’ असं लिहिलेल्या लाल बटणावर माउस नेला. पडद्यावर इशारा आला : सर्व माहिती कायमची पुसली जाईल. खात्री असल्यास सर्व्हरचं नाव लिहा. माहिती म्हणजे ते तीन अर्ज. ते पाहायचे तर आधी बंद पडलेला डेटाबेस दुरुस्त करायचा, म्हणजे आणखी तासभर जाणार. ‘टेस्ट टेस्ट’साठी कोण तासभर घालवतं? तिने नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

कोऱ्या सर्व्हरवर पॅनल बावीस मिनिटांत बसलं. बासष्ट टक्के आले तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता. पण अक्षरं तिथे थांबलीसुद्धा नाहीत. शंभर. तिने उभं राहून हात झटकले, आणि वरूनच ओरडली, ‘‘आप्पा, बसलं!’’

खाली दुकानात गादीवर बसलेले तिचे वडील चन्नप्पा शर्टपीस मापत होते. काय बसलं ते त्यांना कळलं नाही, पण पोरीचा आवाज दोन दिवसांनी मोकळा झालाय एवढं कळलं. ‘‘मग आता जेवाय ये,’’ ते म्हणाले.

जेवणाआधीच तिने दादांच्या फोटोचं पान पुन्हा चढवलं आणि बद्रीनाथला फोनवर पॅनल शिकवलं. इथे नाव, इथे पासवर्ड, हिरव्या बटणाने फोटो चढवायचा, निळ्याने यादी. मुख्य पासवर्डही त्याने मागून घेतला. मालक संस्था आहे म्हणाला, आणि ते खरंच होतं. दहा मिनिटांत त्याने स्वतःच्या हाताने दादांचा नवा फोटो चढवला आणि लहान पोरासारखा खूश झाला.

चार वाजता माळ्याच्या जिन्यावर पावलं वाजली. साठीची, बारीक चणीची एक बाई वर आली. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. बाई पत्र्याखालच्या उकाड्याने दचकली, मग म्हणाली, ‘‘कॉम्प्युटरवालं दुकान हेच का, माय? मी बायनाबाई. नेकनूरच्या पलीकडून आले.’’

शिवकन्येने तिला स्टूल दिलं आणि पाणी दिलं. बाईने पदराची गाठ सोडून वहीच्या कागदाचा चतकोर काढला. त्यावर पेनाने ‘१९’ असं लिहिलेलं होतं आणि त्याला दोनदा गोल केलेला होता.

‘‘नातीचा नंबर हाय. आरोही तिचं नाव. धाव्वीला त्र्याण्णव टक्के पडले. हितं सायन्सला नंबर लागलाय, पण रोजचं येणंजाणं कसं करणार? दोन एष्ट्या बदलाव्या लागतेत. तवा शुक्रवारी आमच्या गावच्या दवाखान्याच्या आशाताईच्या फोनवर ते वसतिगृहाचं फारम भरलं. आमच्या गावच्या पाच पोरींनी भरलं. खाली तुमच्या दुकानाचं नाव होतं, फोन लावला तर कुणी उचलंना. मग म्हणलं जाऊनच इचारावं, गादी आपली आणायची का तितं भेटती?’’

शिवकन्येने तो चतकोर हातात घेतला. तिने कागदाकडे पाहिलं. एकोणीस. म्हणजे शुक्रवारीच सोळा खरे अर्ज आलेले होते. तिने मुकाट्याने पॅनल उघडलं, मग डेटाबेस उघडला, जणू त्यात काही असण्याची शक्यता होती. तिथे काही नव्हतं. दुपारी ज्या कोरेपणावर ती खूश झाली होती, तेच आता तिच्यासमोर होतं.

‘‘गादीचं... मी इचारून सांगते, आजी,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘नंबर मला लिहून घेऊ द्या. फोनपण द्या.’’

‘‘यादी लागंल ना पण?’’

‘‘लागंल.’’

बायनाबाई पाचची एसटी गाठायला गेली. शिवकन्येने कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा फोनवर आला आणि अदबीने म्हणाला की पुसलेलं परत येत नाही, आणि आपोआप नक्कल ठेवण्याची सोय तुम्ही घेतलेली नव्हती, मॅडम. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच, तितक्याच अदबीने सांगितलं. काल जे अनोळखी नंबर तिने वाजू दिले होते ते तिने एकेक करून लावले. गेवराईचा एक बाप, माजलगावची एक मामी. सगळ्यांचं तेच, ‘‘आमचा नंबर आलाय, कधी यायचं?’’ तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लोक उघडून पाहत नाहीत असं ती अकरा वर्षं म्हणत आली, आणि लोकांनी पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा तिनेच पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती संस्थेच्या कचेरीत गेली. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते, एवढं तिला कळत होतं. बद्रीनाथ फायलींच्या मागे बसून पोहे खात होता. तिने काहीही न लपवता सांगितलं. अर्ज खरे आले होते, फोनवर कळलेल्या नंबरांवरून साठएक तरी असतील, ते मी पुसले, माझी चूक आहे.

बद्रीनाथचा चमचा थांबला. त्याने उठून दार लोटून घेतलं. शिवकन्येला वाटलं, आता हा पेटणार.

‘‘सगळे गेले?’’

‘‘सगळे.’’

‘‘परत येत न्हाईत?’’

‘‘न्हाई.’’

त्याने मोठा श्वास सोडला आणि तो चक्क हसला. ‘‘ताई, तुमी आमाला वाचिवलं बगा. दादा माईकवर बोलून बसले, आधी येईल त्याला आधी. अन् हितं माझ्याकडं शुक्रवारपासून चिठ्ठ्या यायल्यात. ह्या सरपंचाची भाची, त्या सभापतीची मेव्हणी. चाळीसच्या चाळीस झाल्या. त्यातल्या एकीनं बी फारम भरलेलं न्हाई. मला दोन दिवस झोप न्हाई, की आता ह्या कॉम्प्युटरच्या यादीचं करायचं काय!’’

शिवकन्येने खुर्ची मागे सरकवली.

‘‘तुमी घाबरू नका. तुमचं नाव कुठंच येऊ देणार न्हाई. तांत्रिक बिघाडामुळं सर्व अर्ज रद्द, एवढी एक ओळ टाका. संपला विषय.’’

‘‘भाऊ, ज्यांनी भरले त्यांच्याकडं नंबर हायत. कागदावर लिहून ठिवलेत लोकांनी. यादी परत करता येईल.’’

‘‘कावून करायची?’’ बद्रीनाथने खरोखरच न समजून विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे चाळीस चिठ्ठ्या होत्या आणि चाळीस जागा होत्या, आणि हिशेब जुळला होता. ‘‘खा ना पोहे,’’ तो म्हणाला.

ती न खाताच आली. वाटेभर तिचं डोकं तापलेलं होतं. शिवी घातली असती, काम काढून घेतलं असतं, तर ते तिने सोसलं असतं. पण तिने केलेलं नुकसान त्याच्या सोयीचं निघालं होतं. ती दुकानात आली, माळ्यावर चढली आणि वेबसाइटवर ओळ टाकली. मात्र बद्रीनाथने सांगितलेली नाही. ‘वसतिगृहासाठी ज्यांनी गुरुवार ते रविवार अर्ज भरला त्यांनी आपला क्रमांक या नंबरवर कळवावा.’ तीच ओळ तिने ओळखीच्या शिक्षकांना आणि बायनाबाईच्या गावच्या आशाताईला पाठवली.

फोन सुरू झाले ते बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. तिने शंभर पानी वहीत ओळी आखल्या. क्रमांक, नाव, गाव, टक्के. तिला खात्री होती की एकेका नंबरावर चार-चार जण सांगायला येतील. पुरावा कोणाकडेच नव्हता, कोणीही उठून पाच म्हणू शकत होतं. पण तसं झालं नाही. एका क्रमांकाला एकच मुलगी मिळत गेली. एक बाप म्हणाला, ‘‘आमचा अठ्ठावन्न हाय, मॅडम. लागणार न्हाई, म्हाईत हाय, पण तुमी इचारलं म्हणून सांगितलं.’’ तो आठ म्हणाला असता तर शिवकन्येने आठ लिहिलं असतं. तिने वहीत अठ्ठावन्नच लिहिलं.

केजकडची एक मुलगी म्हणाली की तिचा एकेचाळीस होता, एकाने हुकला, म्हणून तिने कागद फाडून टाकला. शिवकन्या म्हणाली, ‘‘अगं, पैले तीन आमचेच होते, चाचणीचे. तुझा अडतिसावा येतो. तू आत हायस.’’ पलीकडे त्या मुलीने घरातल्या सगळ्यांना ओरडून ते सांगितलं. आपण हे सांगायला नको होतं, हे शिवकन्येला फोन ठेवल्यावर कळलं.

चाळिसांत बसणाऱ्या सदतीस जणी सापडल्या. गुरुवारी सकाळी ती वही घेऊन पुन्हा कचेरीत गेली. या खेपेला पोहे नव्हते.

‘‘मी एक ओळ टाका म्हणलं, तुमी भलतीच टाकली,’’ बद्रीनाथ म्हणाला.

‘‘ही यादी घ्या, भाऊ. एकाबी नंबरावर भांडण न्हाई. ह्या पोरींचा हक्क हाय.’’

त्याने वही उघडली, दोन पानं चाळली. ‘‘ही कॉम्प्युटरमधली हाय का?’’

‘‘न्हाई. तुमाला सांगितलं की...’’

‘‘मग ही तुमच्या घरची वही झाली, ताई. उद्या कोणी इचारलं तर मी काय दाखवू? दादा म्हणले होते कॉम्प्युटर. कॉम्प्युटरमधलं तर तुमीच पुसलंय.’’ त्याने वही मिटून तिच्याकडे सरकवली. आवाज अजून मऊच होता. ‘‘आप्पा बरे हायत का? सहाही शाळांचे गणवेश आप्पांकडूनच घेतो आपण, किती वर्षं झाली. लई सज्जन माणूस.’’

तिने वही उचलली आणि ती बाहेर पडली. दुपारी तिने पॅनल उघडायला घेतलं तर पासवर्ड चालेना, बदलला होता. वेबसाइटवरची तिची ओळ गेली होती. तिच्या जागी निवड झालेल्या चाळीस मुलींची यादी होती, नीट रकान्यांत मांडलेली, वर दादांचा फोटो. निळं बटण दाबून यादी कशी चढवायची ते तिनेच त्याला शिकवलं होतं. पॅनलमध्ये आता काडीचा दोष नव्हता. तिने वहीतली सगळी नावं त्या यादीत शोधली. एकही नव्हतं. सदतीस जणींना फोन करायला हवा होता, पण तिचा हात फोनकडे जाईना. त्या दिवशी तिने एकही फोन केला नाही, आणि आलेला एकही घेतला नाही.

शुक्रवारी बायनाबाई आली. या वेळी बरोबर नात होती. पत्र्याची पेटी आणि वळकटी त्यांनी खाली चन्नप्पांच्या गादीजवळ ठेवली आणि दोघी वर आल्या. एकोणीस नंबर म्हणजे जागा मिळालीच असं धरून त्या सामानासकटच निघाल्या होत्या, आणि वसतिगृहाच्या फाटकावर लावलेली यादी वाचून तशाच इकडे आल्या होत्या. आरोही उंच, हाडकुळी पोरगी. माळ्यावर चढली ती मान खाली घालूनच.

‘‘लई रडायलीय,’’ बायनाबाई म्हणाली. ‘‘एष्टीतून उतरली तवा हासत व्हती. तूच समजाव तिला, काय झालं ते.’’

आरोहीने डोळे पुसले. ‘‘मॅडम, मी जन्मतारीख दोनदा टाकली होती. पैल्यांदा महिना चुकला म्हणून पुसून परत टाकला. त्यानं झालं का? का नावाच्या आधी कुमारी लिहायचं होतं?’’

‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द शिवकन्येच्या जिभेवर आले होते. चांगले शब्द, कोणाचंच नाव नसलेले. पण समोरची पोरगी यादी वाचल्यापासून स्वतःची चूक शोधत होती. तिच्यासारख्याच जागेला मुकलेल्या आणखी छत्तीस जणी आपापल्या घरी हेच करत असणार. शिवकन्येला ते सहन होईना.

‘‘तुझं काहीच चुकलं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘तू नीट भरला होतास. तुझा अर्ज आला होता, तुझा नंबर लागला होता. मी न बघता सगळे अर्ज पुसले. सोमवारी, ह्याच खुर्चीत बसून. मग संस्थेवाल्यांनी त्यांच्या चिठ्ठीवाल्या पोरींची नावं घातली.’’

आरोहीने मान वर केली. ‘‘म्हणजे माझा नंबर खरंच लागला होता?’’

‘‘लागला होता.’’

पोरीचा चेहरा उजळला. ती खरोखर हसली, आजीकडे वळली. ‘‘बग, आज्जे! म्या म्हणलं न्हवतं का, म्या फारम बरोबर भरलंय म्हणून!’’

एक थोबाडीत मारली असती तरी शिवकन्येला इतकं लागलं नसतं. बायनाबाई हसली नाही. ती शिवकन्येकडे बराच वेळ बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग होता.

‘‘बोललीस ते लिहून दे,’’ ती म्हणाली.

‘‘लिहून?’’

‘‘तोंडाचं कोण ऐकतंय, माय? त्या वसतिगृहाला सरकारचं अनुदान हाय म्हणतेत. म्हंजी बीडला कुठंतरी कचेरी असंलच. मी जाईन. पण हातात कागद नसला तर मला दारातूनच हाकलतेन. तू पुसलं म्हणतीस, तर तसं लिही, अन् सही कर.’’

शिवकन्येने कागद घेतला. पेन घेतलं, आणि ते तसंच धरून बसली. हा कागद बीडला पोचला की चार दिवसांत बद्रीनाथकडे येणार. या गावात तिला वेबसाइटचं काम पुन्हा कोणी देणार नव्हतं. ते एक वेळ गेलं तरी चालेल. पण खालच्या दुकानातलं अर्धं कापड त्या सहा शाळांच्या गणवेशाचं होतं, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने आता नवं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

जिना करकरला. गुडघ्यांमुळे चन्नप्पा वर्षभर माळ्यावर चढले नव्हते. आता ते भिंतीला धरून एकेक पायरी चढत होते. वर आले, धापा टाकत खोक्यावर बसले. खाली सगळं ऐकू जातं, पत्रा आणि फळ्याच तर आहेत.

‘‘किती पोरी हायत?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सदतीस सापडल्यात, आप्पा.’’

‘‘मग एकीचंच कावून लिहायलीस?’’

‘‘आप्पा, ते गणवेश...’’

‘‘मी दुकानदार हाय. मला कळतंय ते.’’ त्यांचा आवाज किंचित कापला. मग त्यांनी तो सावरला. ‘‘सगळ्यांची नावं घाल. अन् अक्षर मोठं काढ. सायबलोक बारीक अक्षर वाचत न्हाईत.’’

शिवकन्येने लिहिलं, ‘मी, शिवकन्या चन्नप्पा शेटे, लिहून देते की संस्थेच्या वेबसाइटवर आलेले वसतिगृहाचे सर्व अर्ज मी सोमवारी सकाळी माझ्या हाताने पुसले.’ तिचे डोळे भरून आले होते, आणि अक्षर काही केल्या मोठं येईना. तिने तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. आरोहीने टेबलावरची वही ओढून घेतली आणि ती एकेक नाव वाचू लागली, सावकाश, प्रत्येकीच्या गावासकट.